पुढे पेन्सिलीनं

बरणीवर तीन हस्ताक्षरं आहेत.
पहिलं निळ्या शाईचं, अल्कोहोल सांडून पसरलेलं:
मालवण, सात फूट पाणी, ओहोटी.
दुसरं दातारबाईंचं, ठाम,
एका रेघेत खोडलेलं.
तिसरंही त्यांचंच, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यातलं.
सिन्युलेरिया,
आणि पुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

नखाएवढा तुकडा कापते. ब्लीचचे दोन थेंब.
ज्याला आपण मऊ प्रवाळ म्हणतो
त्यातलं मऊ ते सगळं फेसाळून जातं.
तळाशी खडीसाखरेचा चुरा.
भिंगाखाली गदा, चात्या,
काटे फुटलेल्या तुरीच्या शेंगा.
वरच्या थरात एक आकार, देठात निराळाच,
एकाच वसाहतीत.

पुस्तकातल्या चित्राशी बरंचसं जुळतं.
दुसऱ्या पानावरच्या दुसऱ्या जातीशीही
तेवढंच.
मूळ नमुना परदेशी कपाटात, कधीचा सुकलेला.
त्याचं वर्णन अडीच ओळी,
त्यातली दीड रंगाबद्दल.
रंग तर अल्कोहोलात
पहिल्या काही रात्रींतच जातो.

खिडकीबाहेर पुणं.
इथे पत्ता विचारला तर
माहीत नाही असं कुणी म्हणत नाही.
पौड रोडला खोली बघायला गेले होते, तेव्हा
मालकीणबाई म्हणाल्या, सोनवणे?
कुठले सोनवणे?
सटाण्याकडचे.
त्या थांबल्या, पुढचा शब्द येईल म्हणून.
मीही थांबले.
बशीतला चहा दोघींचाही निवला.
कळवते, म्हणाल्या.
अजून कळवतायत.

संगणकात रकान्याचं नाव जात.
कोरा ठेवला की लाल होतो, पुढे सरकू देत नाही.
ढमढेरे काका टेबलं पुसता पुसता म्हणतात,
टाका की मॅडम काहीतरी,
बरणीतलं थोडंच तक्रार करणारे?

दातारबाईंना मी एकदाच भेटले, दवाखान्यात.
एवढंच म्हणाल्या होत्या,
बरणीच्या आत चिठ्ठी घालायची तर पेन्सिलीनं लिही.
शाई विरघळते.

नवी चिठ्ठी कापते.
मालवण, सात फूट पाणी, ओहोटी.
सिन्युलेरिया.
मग टोक काढते. पुन्हा काढते.
काका दिवे बंद करायला आलेत.
चिठ्ठी हळूहळू तळाशी जाते,
तुकडा थोडा वळतो, पांढरा,
आठांतला एकही हात बाहेर न काढता.