वीस हापसे

दारव्ह्याच्या पंचायत समितीत माझी ओळख
हापशीवाला मिस्त्री.
बेचाळीस गावं, एक मोटरसायकल,
पान्यांची पेटी, चेन, वायसरांचा डबा.
बिलं आठ महिन्यांपासून अडलेली.
साहेब म्हणतात, मार्च होऊ द्या.
मार्च होतो.

सुवार्ता गेली तेव्हा मे होता.
अकरा वर्षांची. कावीळ.
यवतमाळच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी
नर्सनं सलाईनची नळी काढून गुंडाळून ठेवली,
जशी मी दोरी गुंडाळतो, काम संपल्यावर.

आमच्या मंडळीत चौदा घरं.
चौदाही घरांतून भाकरी आल्या, पिठलं आलं.
एकजण म्हणाला, प्रभूची इच्छा.
मी त्याच्या हातातला डबा घेतला
आणि नाताळापर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

रविवारी आत जात नसे.
कडूलिंबाखाली गाडीचा प्लग घासत बसायचो.
पत्र्याखालून गाणं यायचं,
त्यात दोर्कसचा आवाज वेगळा ओळखू यायचा,
सुराच्या थोडा खाली,
पण एकही कडवं न सोडणारा.

आमच्या दारची हापशी गळकी आहे.
वरून दिसत नाही. खाली, दीडशे फुटांवर,
जिथं झडप पाणी धरून ठेवते, तिथं.
रबर झिजलं की रातभर पाणी
थेंब थेंब माघारी उतरतं,
आणि सकाळी दांडा नुसता खडखडतो.
वीस हापसे कोरडे. कधी बावीस.
मग कुठं तोंडाशी येतं.

डब्यात नवं वायसर होतं.
म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम, बसवून देतो,
लोक हसतात, मिस्त्र्याच्याच दारी खडखडाट.
दोर्कस भाकर थापत होती.
"राहू द्या ना जी."
"काऊन?"
परातीतलं पीठ तिनं बोटांनी गोळा केलं.
"तेवढ्यातच त्याच्यासंगं बोलणं होते माह्यं.
मंग सारा दिवस कुठं सवड?"

पहिले काही हापसे भांडणाचेच, म्हणाली,
पोरीचं नाव घेऊन.
मग सासूच्या गुडघ्याचे, बिलांचे,
तुमच्या त्या लिंबाखाली बसण्याचे.
शेवटी शेवटी काही सुचत नाही,
नुसता दांडा चालू राहते.
"अन् पाणी?"
"येते का नाही मंग?"

वायसर डब्यात परत टाकलं.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ती तापानं पडली.
मी चारला उठलो. गुंडी लावली.
एक. दोन. लोखंड गार.
पाच.
मला बोलता येईना. मला मोजता येतं.
नऊ. पोरगी या दांड्याला लटकायची
दोन्ही पाय उचलून,
तिच्या वजनानं अर्धा हापसा व्हायचा.
दहा.
अकरा.

अकरावर थांबलो.
खाली पाणी पुन्हा घसरायला लागलं असणार.
बेचाळीस गावांना मीच सांगत फिरतो,
मधी थांबू नका, थांबलं की पहिल्यापासून.
अंधारात उभा राहिलो थोडा वेळ.
मग दांडा धरला.
किती झाले, ठाऊक नाही. मोजणं सुटलं.
तोंडातून काय काय गेलं तेही
सांगण्यासारखं नाही.

आणि पाइपात तो आवाज,
घशात काही दाटावं तसा, वर वर येणारा.
तीस वर्षं ऐकतो आहे.
खाली ते होतंच. सारा वेळ.

गुंडी भरून वाहिली तरी मी उभाच.
शेजारची झिंगाबाई कळशी घेऊन आली.
"सरा न मिस्त्री," म्हणाली,
"चालू हाये तं भरून घेऊ द्या."
सरलो.

घरात दोर्कसनं डोळे न उघडता विचारलं,
"किती लागले?"
"मोजले नाही."
ती कुशीवर वळली.

त्या रविवारी पाऊस लागून होता, लिंब ठिबकत होता.
आत गेलो. शेवटच्या सतरंजीवर बसलो.
पत्र्यावर असा दणका
की कोण सुरात, कोण नाही, काही कळेना.
निघताना पाळकांनी हात धरून काहीतरी म्हटलं.
शांती असो, म्हणाले असावेत.
ओठांवरून समजलं.