नमुना एक्केचाळीस

इब्रीचा उंटबाजार. सकाळचे सहा,
आणि मास्कमुळे चष्म्यावर आत्ताच वाफ.
खलफान बिन सुवैद सांडणीची मान धरतो,
मी कापसाची काडी तिच्या नाकपुडीत
बोटभर आत फिरवतो.
ती फुरफुरते. माझ्या बाहीवर तिचा शेंबूड.

दिसायला काही नाही. थोडी सर्दी; चारा खाते.
विषाणू तिच्यात भाडं न देता राहतो,
माणसात शिरला की छातीच पोखरतो.
मोडक्या हिंदीत सांगतो मी:
मुका घेऊ नको, दूध उकळून पी.
तो हसतो. तिच्या ओठांवर ओठ टेकवतो.
"तू तुझ्या पोराचा घेत नाहीस?"

काडी कुपीत. कुपी बर्फात.
चिठ्ठीवर एक्केचाळीस, चार दोनदा गिरवलेला.

काल देवरुखात पेंटाचा तिसरा डोस होता.
वृषालीनं फोन त्याच्या मांडीजवळ नेला:
टिकलीएवढी लाल गाठ. रात्री अंग तापलं.
"किती?"
"एकशे एक. सिस्टर म्हणाल्या, येतोच."
चौदा आठवड्यांचा झाला,
त्याचा वास मला अजून माहीत नाही.
मी पडद्यावर तळहात ठेवला. गरम लागला,
पण तो चार्जिंगला लावलेला होता.

आईच्या दंडावर देवीचा वण आहे, रुपयाएवढा.
लहानपणी त्यावर अंगठा ठेवून झोपायचो मी.

"हिच्यासाठी लस कधी?" खलफान विचारतो.
चाचण्या चालू आहेत, म्हणतो मी.
"इन्शाल्ला," म्हणत तो पुढची ओढत आणतो.
मी हातमोजे बदलतो.
बेचाळीस.