अर्धा पिक्सेल

साकीनाक्याला तिसऱ्या मजल्यावर
एसीचं पाणी बादलीत पडत असतं,
आणि मी भाऊच्या धक्क्याची तीच दहा सेकंदं
सकाळपासून एकशे चाळीस वेळा पाहिलेली असतात.
होड्या डुलतात. एक बाई बर्फाची लादी आकड्यानं ओढते.
कावळा सोपा. उडाला तरी तोच कावळा,
फक्त इथला तिथे.
पाणी अवघड.
कुठून आलास विचारलं तर
दर चौकटीत नवीच थाप मारतं.

आमचा धंदा एवढाच:
चित्राचे तुकडे पाडायचे
आणि एकेकाला विचारायचं, मघाशी कुठे होतास रे?
त्यानं सांगितलं की दोन आकडे लिहायचे,
शिवाय जिथे अंदाज हुकला तिथली वजाबाकी.
बाकी जग एकदा पाठवून झालेलं आहे.

पण तुकडा आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतो.
डावीकडचा किती सरकला? वरचा? वरून पलीकडचा?
त्यांचं ठरल्याशिवाय याचं ठरत नाही.
सोळा कोअर विकत घेतलेले,
त्यातले बारा-तेरा हाताची घडी घालून उभे,
रॉकेलच्या रांगेत कॅन ठेवून माणसं उभी असायची तसे.

तन्वीर म्हणाला, विचारणंच बंद करू.
चार-चार तुकड्यांची एक मोट बांधू,
मोटेतल्यानं मोटेतल्याला विचारायचं नाही,
बाहेरचे, आधी ठरून गेलेले, तेवढे पुरेत.
मग सगळे एकदमच निघतील.

निघाले.
एका मिनिटाचं काम वीस सेकंदांवर आलं,
फ्लॉरीनं सगळ्यांना समोसे मागवले.
फाइल मात्र जराशी फुगली,
कारण शेजारी तुटले की प्रत्येकाला
आपलं आपण सविस्तर सांगावं लागतं.

ती फूग मी काढली. मी.
एक ओळ लिहिली:
अर्ध्या पिक्सेलहून कमी हललं
ते हललंच नाही असं धरा.
फाइल चार टक्क्यांनी उतरली.
नेर्लेकर सरांनी पाठ थोपटली नाही,
पण दोनदा "हं" म्हणाले.

रविवारी भांडुपला गेले तेव्हा
अण्णांच्या फोनमध्ये नवं बिल्ड टाकून आले होते.
अण्णा कांजूरला लेथवर एकतीस वर्षं.
दोन थाऊ, म्हणायचे, केसाहून बारीक,
तेवढासुद्धा जॉब कधी रिजेक्ट झाला नाही आपला.
आता तीन वर्षं झाली, उजवा हात थरथरतो.
आई कप अर्धाच भरते
आणि ते बघत नसताना भरते.

मंगळवारी रात्री ऑफिसातूनच कॉल लावला.
अण्णा खुर्चीत, मागे कॅलेंडर,
हातात कपबशी,
आणि हात स्थिर.

मी खरंच क्षणभर
गोळ्या लागू पडल्या असं समजले.
घशाशी काहीतरी आलं.
त्या जुन्या फोटोतला हात, मशीनवरचा,
जसाच्या तसा.

मग ऐकू आलं.
आवाज वेगळ्या वाटेनं येतो, त्याला माझी ओळ लागू नाही.
बशीवर कप वाजत होता,
बारीक, न थांबता,
चित्रातल्या त्या निवांत हातात.

बरं आहे ना अण्णा?
बरंय की. दिसतंय ना तुला?

दिसत होतं.

सकाळी कुणी यायच्या आत
अर्ध्याचा पाव केला, पावाचा अष्टमांश.
मोटा तशाच ठेवल्या, त्यांचा काही दोष नव्हता.
अण्णांचा जुना व्हिडिओ त्यातून काढून पाहिला.
थरथरला.
पुन्हा लावला, पुन्हा थरथरला.

फाइल परत तीन टक्के वर कशी, सरांनी विचारलं.
पाण्यासाठी, मी म्हटलं.
धक्क्यावरचं पाणी गोठल्यासारखं दिसत होतं.
ते हं म्हणाले, एकदाच.

बादली काठोकाठ आली होती.
उचलली, तर सांडली थोडी.