चुना

काळबादेवीच्या खाडीत सहा पिंपं.
तिनांत चुन्याचं पाणी, तिनांत नुसती खाडी.
भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हलत नाही,
तेव्हा मी मोजते: सामू, क्षार,
कालवाच्या पिल्लांच्या कवचाची जाडी.

मैमूनाबी गुडघाभर चिखलातून येते,
टोपलीत तळ झाकेल इतकीच कालवं.
काय चाललंय, विचारते.
हवेतला धूर दर्यानं जास्त प्यावा, मी सांगते,
म्हणून थोडा चुना...
"म्हणजे दर्यालाच चुना लावताय!"
आणि हसताना तिचा कोयता खडकावर वाजतो.

तिचा आजा शिंपल्यांची भट्टी लावायचा.
आठ-आठ दिवस धूर,
पोरांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या.
तो धूर कुठं गेला, कुणी मोजला नाही.

चौथ्या पिंपात कवचं जाड झालीत.
पाचव्यात पाणी दुधाळ,
तळाशी एक कोळंबी आडवी.
दोन्ही लिहिते. खाडाखोड करत नाही.
सहाव्याचं अजून काही कळत नाही.

ती एक कालव फोडून माझ्यापुढे धरते.
"हे खडकावरलं. चव लक्षात ठेव.
पिंपातली मोठी झाली
की पहिलं तू खायचंस."