गार्डाचा डबा

एमलिन प्रॉसर दर गुरुवारी येतो.
चॅपलमागच्या हॉलमध्ये, ओला कोट न काढता,
माझ्या टेबलावर वाकतो, चष्मा कपाळावर चढवतो.
इंजिनाकडे तो बघत नाही.
इंजिनाकडे सगळेच बघतात.

तो शेवटून सुरुवात करतो.
अंगठ्याएवढा राखाडी डबा उचलून
तळहातावर तोलतो, बाजारात अंडं तोलावं तसा.
'हलका आहे,' म्हणतो. 'आमचा वीस टनांचा होता,
तळाशी नुसतं लोखंड ओतलेलं.
हलका डबा काय कपाळ थांबवणार गाडीला?'

पाच रात्री घातल्या होत्या मी या डब्यावर.
व्हरांड्याचा कठडा केसाएवढ्या तारेचा,
दाराची मूठ टाचणीच्या डोक्याची,
वाघिणींच्या मध्ये तीन-तीन कड्यांच्या साखळ्या, भिंगाखाली ओवलेल्या.
तो म्हणतो, 'छप्पर फार स्वच्छ आहे.
आत चूल असायची बाबा. धूर एकाच अंगानं काळा करतो.
कोळशाला तोटा नव्हता,
पुढं चाळीस वाघिणी कोळसाच तर होता.
बेकन आम्ही फावड्यावर भाजायचो.
फावडं आधी धुवायचं. बहुतेक वेळा.'

मग जरा थांबून, मी विचारलेलं नसताना:
त्या वाघिणींना गाडीतून लावता येईल असा ब्रेक नव्हता.
पुढं इंजिन, मागं मी,
आणि मधे पाव मैल लोखंड, ज्याला कुणाचंच ऐकायचं नसतं.
चढावर साखळ्या ताणून राहतात, तेव्हा झोपलास तरी चालेल.
उतारावर मात्र वाघिणी एकमेकींच्या अंगावर येतात,
पुन्हा सुटतात, पुन्हा धडकतात,
आणि तो हिसका शेवटी येऊन पोचतो
गार्डाच्या बरगड्यांत.
म्हणून चाक फिरवायचं. थोडं थोडं. साखळी ताठ ठेवायची, बस.
नीट जमलं, तर ड्रायव्हरला कळतही नाही
मागं कुणी आहे म्हणून.

'आणि नाही जमलं तर?'

खाणीच्या वरच्या वळणानंतर जो उतार आहे, त्याला आम्ही शिडी म्हणायचो.
एका रात्री धुक्यात, शिडीच्या वर, चढ संपता संपता
कडी तुटली. आवाज असा काही मोठा नाही.
कुणी दूर बादली ठेवल्यासारखा.
इंजिन निघून गेलं एकोणीस वाघिणी घेऊन,
उरलेल्या एकवीस माझ्याकडे बघत, उलट्या, खाली.
मी चाक धरलं. एवढंच.
थांबल्यावर मुठी उघडेनात,
कंदील दातांत धरून रुळांवर फटाके लावत गेलो
मागून येणाऱ्यासाठी.
खाली केबिनमध्ये ग्विलिम टकर बसला होता.
माझा लाल दिवा दिसेपर्यंत तो कुणालाच सोडायचा नाही.
दिवा दिसला नाही, म्हणजे गाडी पूर्ण आली नाही.
त्यानं चहा गाळला, आणि प्यायला नाही.

एमलिन डबा रुळावर ठेवतो.
'तुझ्याकडे सगळं सपाट आहे,' म्हणतो.
'मग हा कशाला जोडलास?'
मी म्हणतो, गाडी संपली हे दिसावं म्हणून.
तो उत्तर देत नाही.
कपाटातून स्तोत्रांची पुस्तकं आणतो, जाडजूड, सहा,
टेबलाच्या दोन पायांखाली तीन तीन सरकवतो.
माझं इंजिन, ज्यावर मी सगळी दिवाळखोरी ओढवून घेतली,
दोन बोटांनी उचलून बशीत ठेवतो.

चौदा वाघिणी हलतात. चालू लागतात.
तो डब्याच्या छपरावर एक बोट टेकवतो.

टिक, टिक, टिक, पुढून मागं नाही, मागून पुढं,
एकेक साखळी ताठ होत जाते.
मनगट त्याचं किंचित वळतं,
तिथं चाक नाही तरी.

स्वयंपाकघरातून नेरिस ओरडते,
पुस्तकं कुणी नेली, गाणारे आलेत, दारात उभे आहेत.
मी वाकून पहिलं पुस्तक ओढायला जातो.

'एक मिनिट,' एमलिन म्हणतो.
'गाडी थांबू दे.'

गाडी केव्हाची थांबलेली होती.