ए आणि बी

लीपायात हिवाळ्याचा अंधार साडेतीनलाच येतो.
अँप्लिफायरचा हिरवा दिवा लागतो, इतकंच.
आवाज नाही.

गुनार्स गुडघ्यांवर, तोंडात बॅटरी,
मागची धूळ नाकात घेत
एकेक वायर उपसतो, पुसतो, खोचतो.
तांबडी तांबड्यात. काळी काळ्यात.
फ्यूज शाबूत.
तबकडी फिरतेय, सुई खाली,
आणि कान अगदी सुईपाशी नेला तर
मुंगीएवढा एक चेलो.
म्हणजे गाणं निघालंय. वाटेत कुठेतरी अडलंय.

"वाढव," तो म्हणतो.
मी वाढवते. सातवर. नऊवर.
स्पीकरच्या जाळीला तळवा लावून बसते,
आजाऱ्याच्या छातीला लावावा तसा.
काही नाही.
"तू पुसताना काही हलवलंस?"
"मी पुसते तरी."
मग बराच वेळ आम्हीही बंद.

दार वाजलं. शेजारचा अर्वीड्स,
बुटांवर बर्फ, टोपी हातात:
"तुमच्या लाकडांच्या खोपटात
मघापासून कोण रडतंय?"

तेव्हा आठवलं.
राइटिसनं, जर्मनीला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात,
अंगणाखालून पुरलेली वायर,
खोपटातले दोन जुने स्पीकर,
आणि पुढच्या पट्टीवरचं ते बारकं बटण.
माझ्या फडक्यानंच फिरलं असणार.
मी बोलले नाही.

गुनार्सनं बटणावर बोट ठेवलं.
फिरवलं नाही.
कोट चढवला.

बर्चच्या ओंडक्यांवर बसून
आम्ही तिघांनी उरलेली बाजू ऐकली.
थंडी फार होती. आवाज उत्तम.