उलटी खाच

सियागंजात चाकू घेतला, साठ रुपयांचा.
पितळी टोप्या, शिंगासारखं दिसणारं प्लास्टिक,
आणि नखाची खाच भलत्याच अंगाला.
उजव्या अंगठ्याला ती सापडेचना.
दुसरा मागितला. त्यालाही तशीच.
दुकानदार म्हणाला, "भाऊसाहेब, डिझाइनच आहे तसं."

लोहारपट्टीत बद्रीलाल पांचाल
भात्याशेजारी बसून चहा बशीत ओतत होते.
चाकू त्यांनी कानाशी धरून मिटला.
टक्.
"कमान कच्ची आहे," एवढंच बोलले.

तुमचाच उचललाय ना, मी म्हणालो.
राग मलाच जास्त आलेला.
ते म्हणाले, कमान मी महूच्या एका सुभेदाराच्या चाकूत पाहिली,
धारेला आला होता, रात्रभर ठेवून घेतला.
मुठीचा बाक रतलामच्या मामांचा.
मामांनी कुणाचा घेतला, ते विचारायचं राहिलं.
आणि पातं?
दुमडायचं म्हटलं की लोखंडाला
अशा किती वाटा असतात!

मग उजवा हात पुढे केला.
अंगठ्याला नखच नव्हतं.
अठ्ठ्याहत्तर साली घण बसला,
तेव्हापासून डाव्यानं उघडतात.

म्हणजे सियागंजात पुठ्ठ्यावर टांगलेले ते डझनावारी,
कुठल्याशा यंत्रातून भराभर पडलेले,
सगळे एका न उगवलेल्या नखासाठी
खाच घेऊन बसलेत,
आणि त्यांच्या गावीही नाही.

घरी पेरू कापायला घेतला.
सवयीनं धडपडलो थोडा.
मग अंगठा बदलला.
उघडला.